कोपराने मोजलेलं पाणी

दुर्गाबाई भापकर पहाटे पावणेपाचला उठत. माधवगंजातल्या त्यांच्या गल्लीत नळाला पाचला पाणी येई आणि पावणेसहाला जाई. तेवढ्या वेळात सात खेपा. मग पोळ्या, नवऱ्याचा काढा, आणि साडेसहाला इस्पितळाकडे पायी. सातच्या ठोक्याला त्या प्रयोगशाळेच्या मोरीवर बसलेल्या असत.

त्याच इस्पितळाच्या बॉयलरवर मी तेहेतीस वर्षं कोळसा टाकला. कोण काम करतो आणि कोण काम दाखवतो, हे मला माणसाच्या पाठीवरून कळतं. माझ्या बॉयलरपासून दुर्गाबाईंच्या मोरीपर्यंत बासष्ट पावलं होती, मध्ये चार पायऱ्या. गरम पाण्याची केटली त्या स्वतः नेत, काठोकाठ भरलेली, दिवसातून अकरा वेळा. वॉर्डबॉय तीच केटली अर्धी भरत आणि पायऱ्यांवर टेकवत. दुर्गाबाईंनी केटली टेकवलेली मी पाहिली नाही.

त्यांचं काम काचेच्या नळ्या धुण्याचं. दिवसाला दीडशे नळ्या, प्रत्येक नळी आठ पाण्यांतून. सोड्याचं पाणी दोनदा, साधं चारदा, उकळून गार केलेलं दोनदा. सातव्या पाण्यावर थांबलं तरी नळी तशीच दिसते. पाहणाऱ्याला फरक कळत नाही. त्या आठव्या पाण्यापर्यंत जात.

नोकरी त्यांनी हौसेने धरली नव्हती. नवरा संभाजीराव संस्थानच्या फौजेत शिपाई होते. ग्वाल्हेर मध्यभारतात विलीन झालं, फौज भारतीय सैन्यात जाणार असं ठरलं. मग एक बोर्ड बसलं, छात्या मोजल्या, वयं पाहिली. संभाजीरावांचं नाव यादीतून कटलं. तीन पिढ्यांची चाकरी एका दुपारी संपली. नंतर त्यांना दम्याने धरलं. एक्कावन्न साली दुर्गाबाई रोजंदारीवर मोरीवर बसल्या. घरात मिळवणारं दुसरं कोणी नव्हतं.

मुलांच्या वॉर्डाचे डॉक्टर भालचंद्र पुणतांबेकर. आजोबा शिंद्यांच्या दफ्तरात होते, नातू डॉक्टर झाला, पण अक्षर दफ्तरातलंच राहिलं, मोत्यासारखं. त्यांनी चौपन्न सालापासून एक रजिस्टर ठेवलं होतं. गळू फुटून, कान वाहून, काटा लागून ज्या मुलांच्या रक्तात जंतूंचं विष पसरलं, अशी मुलंच फक्त त्यात. मूल आलं की पिचकारीने थोडं रक्त काढायचं, तीन नळ्यांत घालायचं, नळ्या अंगाइतक्या ऊन पाण्यात उभ्या करायच्या. दर अर्ध्या मिनिटाला नळी तिरकी करून पाहायची. रक्त वाहायचं थांबलं की ते गोठलं. ती वेळ लिहायची. मग मूल वाचलं की गेलं, ते पुढच्या रकान्यात.

एकदा त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं. निरोगी मुलाचं रक्त पाच ते दहा मिनिटांत गोठतं. विष पसरलं की रक्त आतल्या आत, बारीक शिरांमधून गोठत सुटतं, आणि गोठवणारा माल तिथेच संपतो. मग बाहेर नळीत ते गोठत नाही, आणि पोराला हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागतं. अशा मुलाला पेनिसिलीन पुरत नाही. ताजं रक्त चढवावं लागतं, आणि तेही लगेच.

"नळी आपल्याला एक दिवस आधी सांगते," डॉक्टर म्हणत. "डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो."

छप्पनच्या ऑक्टोबरपर्यंत रजिस्टरात त्रेचाळीस मुलं झाली होती. पंधरा मिनिटांच्या वर गेलेली अठरा, त्यांतली चौदा गेली. दहाच्या आतली बावीस, त्यांतलं एकही गेलं नाही. मधली तीन, त्यांतलं एक गेलं. हे आकडे मला पाठ आहेत, कारण दुर्गाबाईंना पाठ होते.

एक नोव्हेंबरला मध्यप्रदेश झाला. राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांसमोर महिनाभर ट्रक उभे होते. कपाटं, टाइपरायटर, खुर्च्या, सगळं बांधून निघालं. त्या गडबडीत कोणीतरी आमच्या प्रयोगशाळेवरही खडूने फुली मारली. ऊन पाण्याची तांब्याची पेटी आणि तिच्यातला थर्मामीटर गवतात गुंडाळून खोक्यात गेला. खोकं कुठे उतरलं ते आजतागायत मला माहीत नाही.

वॉर्डात ताप पाहायचे दोन थर्मामीटर होते, तीस मुलांना दोन. परिचारिका लीलाताईंनी त्यांतला एक पाण्यासाठी दिला, तो दुसऱ्याच आठवड्यात गरम पाण्यात फुटला. उरलेला त्यांनी एप्रनच्या खिशात घातला आणि वर पिन लावली.

"आता माझा जीव मागा, देते. हा देणार नाही," त्या म्हणाल्या.

तेव्हा दुर्गाबाई म्हणाल्या, "साहेब, मी पाणी कोपराने पाहून देते. लेकरांना न्हाऊ घालताना पाहतात तसं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दहा दिवस परीक्षा घेतली. दुर्गाबाईंनी घमेल्यात ऊन आणि गार पाणी मिसळायचं, कोपर बुडवून "झालं" म्हणायचं, मग लीलाताईंनी खिशाची पिन काढून, स्वतःच्या हाताने धरून थर्मामीटर लावायचा. वीस वेळा पाहिलं. अठ्ठ्याण्णव, साडेअठ्ठ्याण्णव, एकदा सत्त्याण्णव. याहून फरक नाही.

"बाई, तुमचं कोपर भोपाळला नेलं नाही हे नशीब," डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून तपासणी दुर्गाबाईंच्या कोपरावर चालू लागली.

डिसेंबरात नवी यादी निघायची ठरली. चार जुन्या राज्यांचे नोकर एका राज्यात ओतायचे, म्हणून रोजंदारीवरच्यांनाही एकदाच कायम करून घेणार होते. यादी करायला आमचे बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, जयसिंहराव, आणि सही वरच्या साहेबांची, म्हणजे इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांची. त्यांनी मोरीपाशी येऊन सांगितलं, "पंधरा दिवस हाजिरी वरचे साहेब स्वतः बघणार. एक दिवस गैरहजर, नाव साफ. मग माझ्याकडे रडत यायचं नाही. दुर्गाबाई, तुम्ही तर येणारच. तुम्ही मेलात तरी सातला येऊन नळ्या धुवाल."

"मेल्यावर साडेसातला येईन बाबूजी. एवढी सूट द्या," दुर्गाबाई म्हणाल्या.

कायम म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आजारपणात पगार, म्हातारपणी पेन्शन. संभाजीरावांना यादीने फौजेबाहेर काढलं होतं, तशी ही यादी बाईंना आत घेणार होती. त्या महिन्यात त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

बाराव्या दिवशी त्यांना हिवताप भरला. ग्वाल्हेरात तो जुना पाहुणा, एक दिवसाआड येणारा. सकाळी केटली घ्यायला आल्या तेव्हा डोळे लाल होते. केटली देताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला. तापलेला होता. मी बोललो नाही. यादी मलाही हवी होती, आणि त्यांनाही हवी आहे हे मला ठाऊक होतं. त्या बासष्ट पावलं गेल्या, पायऱ्यांवर टेकल्या नाहीत.

त्याच सकाळी हजिरा वस्तीतली मधु आली. चार वर्षांची. बाप टांगेवाला. मांडीला गळू, चार दिवस घरीच शेकलेलं. डॉक्टरांनी रक्त काढलं. दुर्गाबाईंनी पाणी मिसळलं, कोपर घातलं, थोडं ऊन आणखी ओतलं, पुन्हा पाहिलं, म्हणाल्या, "झालं." लीलाताईंनी घमेलं सरकवायला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बाई, नळ्या उकडताय की चहा करताय?"

"तुमचे हात लोण्याचे, ताई," दुर्गाबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. थंडी कडक होती, गार हाताला सगळंच गरम लागतं. पुढे कोणी विचार केला नाही.

रक्त आठ मिनिटांत गोठलं. डॉक्टरांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी दारातून पाहिलं. टांगेवाला व्हरांड्यात उभा होता. "डॉक्टर साहब, खून देना पड़ेगा? मैं दे दूँगा, अभी ले लो."

"गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त चांगलं आहे. सुईने बरी होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुच्या पोटावर जांभळे ठिपके आले. दहा वाजता हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी बापाचं रक्त घेतलं, जुळलं, चढवायला लावलं. बाटली अर्धीही गेली नव्हती. बारा वाजता मधु गेली.

बापाने तिला टांग्यातच नेलं. मागच्या सीटवर कोणाच्या तरी मांडीवर. घोडा पायी चालवत, स्वतः लगाम धरून पुढे.

डॉक्टर संध्याकाळपर्यंत रजिस्टर उघडून बसले. "आठ मिनिटं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आठ मिनिटांचं मूल जात नाही."

वरच्या साहेबांना ही तपासणी आधीच नको होती. अर्धा तास जातो, माणसं अडकतात, आणि नव्या राज्यात दुसरीकडे कुठे होत नाही, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी रजिस्टर त्यांच्याकडे जायचं होतं, तपासणी ठेवायची की बंद करायची ते ठरवायला. डॉक्टर लीलाताईंना म्हणाले, "मीच बंद करा म्हणून लिहितो. नळीने एकदा खोटं सांगितलं. पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने तिच्यावर भरवसा ठेवू?"

दुर्गाबाई मोरीवर होत्या. त्यांनी ते ऐकलं.

तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा भरला, त्याच वेळी. बाई बॉयलरच्या खोलीत आल्या, पण केटली घेतली नाही. कोपऱ्यातल्या बादलीत ऊन पाणी ओतलं, गार मिसळलं, कोपर घातलं. आणखी ऊन ओतलं. पुन्हा कोपर.

"भाऊजी, यात हात घाला."

मी हात घातला आणि काढला. माझे हात कोळशाचे, चामडं झालेले. तरी चटका बसला.

"कसं आहे?"

"गरम आहे वहिनी. पोराला घालाल तर भाजेल."

"मला अंगासारखं लागतंय," त्या म्हणाल्या.

त्या बादलीशेजारी खाली बसल्या. पदराने कोपर कोरडं केलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशीही एवढाच ताप होता. अंगच तापलेलं, तर कोपर काय सांगणार? गरम पाण्यात रक्त घाईने गोठलं. नळी खोटं नाही बोलली, भाऊजी. मी बोलले."

मी म्हणालो, "यादी सोमवारी जाते आहे. आज शुक्रवार. मंगळवारी सांगा."

"रजिस्टरही सोमवारीच जातंय."

"मुलगी तर गेली. आता सांगून ती येणार आहे?"

"ती नाही येणार. पण पुढची येतील ना? त्यांची नळी कोण बघणार?"

त्यांनी केटली भरून घेतली आणि गेल्या. नेहमीसारख्याच, काठोकाठ.

डॉक्टरांच्या खोलीत मी कोळशाची शेगडी ठेवायला गेलो होतो, म्हणून पुढचं ऐकलं. दुर्गाबाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डॉक्टरांनी लीलाताईंकडे पाहिलं. लीलाताई म्हणाल्या, "हो. माझा हात पोळला होता. मी थट्टा केली." आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

"ताप होता तर आलात कशाला?" डॉक्टर ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"लिस्ट होती, साहेब."

डॉक्टर खुर्चीत बसले. मग हळू म्हणाले, "घरी असतात तर मी पाण्याशिवाय नुसती नळी पाहिली असती. थंडीत उशिरा गोठलं असतं. मी घाबरून रक्त दिलं असतं. पहिल्याच दिवशी."

बाईंनी मान खाली घातली नाही. "हो, साहेब," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी दौत पुढे ओढली. "पाणी जास्त गरम होतं, वेळ धरू नये, एवढंच लिहितो. तुमचं नाव नको."

"कोणी गरम केलं ते विचारतील."

"विचारू देत."

"मग म्हणतील, मूल गेल्यावर डॉक्टरने मागून जोडलं. नाव लिहा. तापाचंही लिहा. लीलाताईंच्या हाताचंही लिहा. तेव्हाच खरं वाटेल."

डॉक्टरांनी लिहिलं. दफ्तरातल्या त्या अक्षरात सहा ओळी. दुर्गाबाईंनी खाली अंगठा नाही, सही केली. चौथीपर्यंत शिकल्या होत्या.

सोमवारी जयसिंहराव मोरीपाशी आले. या वेळी थट्टा नव्हती. "बाई, दोन दिवस तोंड बंद नाही ठेवता आलं? साहेबांनी लाल शाईने कापलं. मी हात जोडले. ते म्हणाले, रोजंदारीवर राहू दे हीच मेहरबानी."

"रजिस्टरचं काय झालं, बाबूजी?"

"मला काय विचारता रजिस्टरचं? तुमचं नाव गेलं, कळतंय का?"

"ते कळलं. रजिस्टरचं?"

"चालू ठेवा म्हणाले. ती एक वेळ सोडून बाकी हिशोब पक्का आहे म्हणे. थर्मामीटरही मागवताहेत."

बाईंनी पुढची नळी उचलली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. संभाजीराव उशीला टेकून बसले होते. बोलताना दम लागत होता, तरी बोलले. "माझं नाव दुसऱ्याने कापलं होतं. तू स्वतः कापून आलीस. भापकरांच्या घरात हे पहिलंच." बाई चुलीकडे वळल्या. काढ्याची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती भिंतीकडे सरकवली, आणि तास गेल्यावर प्यायले.

टांगेवाल्यालाही दुर्गाबाईंनी सांगितलं. तो आठ दिवसांनी पोरीची गोधडी न्यायला आला होता. इस्पितळाच्या फाटकात उभ्या राहून हिंदीत सांगितलं, काही न लपवता. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाई, मैंने कहा था ना, अभी ले लो." गोधडी त्याने सीटवर टाकली आणि गेला. पुढे वर्षानुवर्षं तो त्या रस्त्याने सवाऱ्या नेई. फाटकाशी आला की दुसरीकडे पाहत असे. दुर्गाबाई मात्र त्याच्याकडे पाहत उभ्या राहत, टांगा वळेपर्यंत.

आम्ही अकरा जण कायम झालो. माझी पेन्शन त्याच यादीची. दुर्गाबाई रोजंदारीवर राहिल्या. ज्या दिवशी ताप, त्या दिवशी रोज बुडाला. ताप आला की त्या आता येत नसत, आणि निरोप पाठवत: आज पाणी दुसऱ्याने पाहावं. एप्रिलमध्ये दोन थर्मामीटर आले. बाई आधी कोपर घालत, मग थर्मामीटर लावत, आणि दोन्ही जुळल्याशिवाय नळी पाण्यात सोडत नसत.

सत्तावन्न असंच गेलं. अठ्ठावन्नच्या जानेवारीत मुरैनेकडच्या खेड्यातून एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. टाचेत काटा मोडलेला, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, मूल गुंगीत. अंगावर ठिपका नाही, हिरड्या स्वच्छ. पाणी पाहिलं. अठ्ठ्याण्णव. दहा मिनिटं झाली, रक्त वाहतंच. पंधरा. वीस. चोविसाव्या मिनिटाला कुठे थोडं जाड झालं.

वरचे साहेब वॉर्डात होते. त्यांनी नळी पाहिली, रजिस्टर मागवलं, मागची पानं चाळली. त्या सहा ओळींवर ते थांबले. मग म्हणाले, "रक्त द्या. लगेच."

आईचं रक्त जुळेना. डॉक्टरांचं जुळेना, माझं जुळेना. बाप वीटभट्टीवर, कुठल्या गावी ते तिला नीट सांगता येईना. आमच्याकडे तेव्हा एक दूधवाला होता, शेजारच्या मुरार गावचा. अंगाने पहिलवान, त्याचं रक्त बहुतेकांना चाले. पण तो आधी पैसे घेई, नंतर बाही वर करी. मी सायकलवर जाऊन त्याला आणलं. जुळलं. त्याने भाव सांगितला. मुलाची आई त्याच्याकडे पाहत राहिली. हातातल्या चांदीच्या बांगड्या काढू लागली, त्या चांदीच्या नव्हत्या.

दूधवाल्याला मी शिव्या दिल्या. तो म्हणाला, "दद्दा, दूध फुकट देत नाही, खून कसा देऊ? घरी माझीही चार आहेत." त्याचंही चुकत नव्हतं.

दुर्गाबाई मोरीवरून उठल्या. "भाऊजी, सायकलवर बसवा मला."

माधवगंजात त्यांच्या खोलीत खुंटीला एक पिशवी होती. जेजुरीच्या भाड्याची. भापकरांचं कुळदैवत खंडोबा. पणजोबा दक्खनेतून आले, त्यानंतर घरातलं कोणी तिकडे परत गेलं नव्हतं. एकदा जोडीने जाऊन भंडारा उधळायचा, एवढी एक इच्छा संभाजीरावांची होती. सहा वर्षं बाई रोजातून काही ना काही त्या पिशवीत टाकत आल्या होत्या, ताप आलेल्या आठवड्यांतही.

बाईंनी दारातूनच सांगितलं, काय झालं आणि काय हवं आहे. संभाजीराव उठले. त्यांना उठायला वेळ लागे. खुंटीपर्यंत गेले, पिशवी त्यांनीच काढली, आणि न उघडता बाईंच्या हातात दिली.

"चोवीस मिनिटं म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"चोवीस."

"मग जा ना. उभी काय राहिलीस?"

मूल वाचलं. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली ती कापावी लागली. महिन्याने ते आईचा हात धरून, लंगडत, फाटकातून बाहेर गेलं. रजिस्टरात पंधरा मिनिटांच्या वरचं आणि वाचलेलं असं ते पाचवं.

संभाजीराव त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. दुर्गाबाई त्यानंतर दहा वर्षं मोरीवर होत्या, आणि जेजुरी त्यांनी पाहिली नाही. सहा वर्षांच्या त्या मजुरीतून मुरारच्या दूधवाल्याचं चौदा औंस रक्त आलं.